काचेच्या कपाटातला ‘ह’

हरिदास शेजवळला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि त्या गर्वानेच त्याचा घात केला.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कानस चालवायला शिकलेला हा माणूस सहासष्ट साली इंग्लंडमधल्या स्लाऊला आला आणि ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या ओल्डरॉइड अँड सन या रायफलींच्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटला. तिथे लिव्हरच्या रायफली बनत. चापाखालची कडी खाली ओढून पुन्हा वर दाबली की नवी गोळी नळीत बसायची आणि तिच्यामागे बोल्ट घट्ट अडकायचा. तो नीट अडकला नाही, तर जाळ पुढे जायच्या ऐवजी उलटा नेमबाजाच्या तोंडावर. म्हणून फिटर बोल्टवर दिव्याची काजळी धरायचा, कडी मिटून उघडायचा आणि काजळी जिथे पुसली जाई तिथेच कानशीचा हलका हात मारायचा. दोन्ही बाजूंची काजळी सारखी पुसली जाईपर्यंत हेच. हरिदासच्या हातून एक रायफल सुटेस्तोवर शेजाऱ्याच्या दोन सुटत, आणि फोरमन कपाळाला हात लावी.

मनासारखं जमलं की कडीच्या आतल्या बाजूला आपला ठसा मारायचा, अशी तिथली रीत. प्रत्येकाचा पोलादी ठसा वेगळा, ज्याचा त्याच्या खिशात. हरिदासने आपल्या ठशावर ‘ह’ कोरून घेतला होता. गोऱ्या नेमबाजांना तो मासे धरायच्या गळासारखा दिसे, आणि मग ‘हुकवाली’ रायफल मागून घेणारी गिऱ्हाइकं हळूहळू तयार झाली. दुसरी रीत अशी, की नोकरीच्या शेवटच्या दिवशी फिटरने सगळ्यांसमोर आपला ठसा ग्राइंडरवर घासून सपाट करायचा. माणूस गेला की त्याची सहीही गेली. त्यानंतर बिअर.

सत्त्याऐंशी साली म्हाताऱ्या ओल्डरॉइडच्या पोरांनी कारखाना एका गुंतवणूकवाल्या कंपनीला विकला. दारावरची पाटी तेवढी जुनी राहिली. घडीव पोलादाचे बोल्ट गेले आणि कुठून कुठून खोक्यांत भरून ओतीव बोल्ट येऊ लागले. इतके मऊ, की रायफल थोडी वापरली की बोल्टची कड दबायची. आगीचा धोका म्हणून काजळीचे दिवेही उचलले गेले. हरिदासने तक्रार केली, पुन्हा केली. राइली नावाचा नवा मॅनेजर गोड हसून ऐकून घेई. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हरिदास हट्टी. वाईट बोल्ट तो बाजूला टाकी, ‘ह’ मारत नसे. बाजूचा ढीग वाढत गेला, आणि नव्वद साली त्याला आणि उरलेल्या फिटरांना घरी बसवलं.

शेवटच्या दिवशी बाकीच्यांनी ठसे घासले. हरिदासची पाळी यायच्या आत राइलीने त्याला बाजूला घेतलं. हा ठसा आम्हाला दे, रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुझं नाव लावू, असं तो म्हणाला. इतकी वर्षं हरिदासने कारखान्याचं मागचं दारच पाहिलं होतं. रिसेप्शनच्या गालिच्यावर त्याचा बूट कधी पडला नव्हता. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे. त्याने ठसा देऊन टाकला.

कपाट खरंच झालं. त्याच्या मुलीने, मीनलने, फोटो काढला. पुढच्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांची शताब्दी जयंती होती. तिथल्या जयंती मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब यांनी तो फोटो भाड्याच्या हॉलभर फिरवला, हरिदासच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवर म्हणाले, “ज्याच्या आजोबाला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही, त्याचं अक्षर इंग्रजांनी काचेत जपलंय.” हॉलमधल्या बायका डोळे पुसू लागल्या. हरिदासची बायको शैला तर हुंदके देत होती. तेवढा मान त्याला पुन्हा कधी मिळाला नाही.

ब्याण्णवमध्ये काही कामाने तो वॉटफर्डला गेला आणि एका बंदुकीच्या दुकानात शिरला. समोर कोरी करकरीत ओल्डरॉइड. त्याने ती मागून हातात घेतली. कडीच्या आत ‘ह’ होता. कडी हलवली तर बोल्ट खडखडला. कपाटातल्या मखमलीवरचा ठसा उचलून ते सर्रास मारत सुटले होते.

घरी येऊन त्याने शैलाला सांगितलं. “अहो, मग नेमबाजीच्या क्लबांना फोन करा ना,” ती म्हणाली. “पीपल ट्रस्ट दॅट मार्क. कुणाला काही झालं म्हणजे?”

त्याने कारखान्यात एकदा फोन केला. खूण कंपनीच्या मालकीची आहे, असं उत्तर मिळालं. पुढे बोंब मारायची तर सगळ्यांना कळणार, दादासाहेबांना, त्या सबंध हॉलला, की कपाट म्हणजे नुसती थाप होती आणि आपला हरिदास तिला भुलला. उद्या करतो, परवा करतो, असं करत तो मूग गिळून बसला. शैलाने काही दिवस विचारलं, मग सोडून दिलं.

सत्त्याण्णवमध्ये सरकारने पिस्तुलांवर बंदी आणली. क्लबांतले पिस्तूलवाले लिव्हरच्या रायफलींकडे वळले. त्यातच होता लेन बार्टन, जवळच्या क्लबातला निवृत्त बसड्रायव्हर, हरिदासला ‘हॅरी’ म्हणणारा जुना ओळखीचा. वर्षभराने तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा परत येणार नव्हता.

लेन रागावलेला नव्हता, हेच वाईट. क्लबात लोक काहीबाही बोलतात, पण हॅरीच्या हातून चूक होणार नाही असं मी त्यांना बजावतो, हे सांगायला तो आला होता. हुक बघूनच घेतली होती मी ती रायफल, असंही म्हणाला. मग मात्र हरिदासला राहवलं नाही. त्याने ठसा, कपाट, वॉटफर्ड, सगळं सांगून टाकलं.

“वॉटफर्डला कधी पाहिलीस?” लेनने विचारलं.

“ब्याण्णवला.”

लेनने चहाचा कप बाजूला सारला. “मग मला का नाही सांगितलंस?”

उत्तर होतं. शाल होती, माइक होता, शैलाचे हुंदके होते. त्या पट्टीसमोर त्यातलं काहीच बोलण्यासारखं नव्हतं. लेन चहा तसाच ठेवून उठला आणि जाताना त्याने हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी हरिदास इस्टेटमध्ये गेला. ओल्डरॉइडच्या जागी बाथरूमच्या टाइल्सचं गोदाम होतं. कंपनी पुन्हा विकली जाऊन बुडाली होती, राइली कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. जाब विचारायला माणूस उरला नव्हता, आणि रायफली देशभर पसरल्या होत्या. घरी येऊन त्याने फोन उचलला आणि क्रॉयडनकडच्या एका क्लबाच्या सेक्रेटरीला गाठलं. ओल्डरॉइडच्या नव्या रायफली चालवू नका, विशेषतः कडीत हुक असलेल्या, त्याने घाईघाईने सांगितलं.

“हुकवाल्या?” सेक्रेटरी हसला. “मुद्दाम शोधून घेतल्यात आम्ही. कुणालाही विचारा, त्याच तर खात्रीच्या.” आणि त्याने फोन ठेवला.