पेटी बंद, अभ्यास सुरू

चिखलीच्या रमाकांतरावांना वाचनाचा कंटाळा होता असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय. वाचायला त्यांना मनापासून आवडायचं, फक्त विभागीय परीक्षेचं सोडून. कचेरीत ते कारकून. ही परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नाही, आणि ती दरवर्षी त्यांना हुलकावणी देऊन जायची.

परीक्षा जवळ आली की घरात संचारबंदी लागे. त्यांची बायको वासंती गाणारी. सकाळी रियाज, संध्याकाळी मुलींची शिकवणी. पण रमाकांतराव पुस्तक आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत शिरले, की ती पेटीवर कापड टाकी. सुरुवातीला हे महिनाभराचं होतं. पुढे ते लांबत गेलं, शिकवणीच्या मुली दुसरीकडे गेल्या आणि पेटी माळ्यावर गेली. वासंतीनं कधी कुरकुर केली नाही. एकदाचे पास व्हा, एवढंच म्हणे.

आणि आत काय चाललेलं? रजेचे नियम डोक्यात शिरेनात म्हणून रमाकांतरावांनी एका निवृत्त अधिकाऱ्याचा ब्लॉग उघडला होता. त्या गृहस्थाला नियमांपेक्षा गाण्याचा नाद जास्त. अर्जित रजेच्या खालीच त्यानं ऐकलेल्या मैफिलींवर भरभरून लिहिलेलं. त्यांनी ते वाचलं. तिथून दुसऱ्या रसिकाचा ब्लॉग, तिथून तिसऱ्याचा, आणि रजा राहिली बाजूला. एकदा तर त्यांच्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघून गेलं. बाहेर वासंतीला वाटलं, पेन्शनचं गणित सुटलं. तिनं कौतुकानं ते मुलीला, मधुवंतीला, सांगितलंसुद्धा. दाराआडून ते ऐकून रमाकांतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी पुढचा लेख उघडलाच.

घरातलं गाणं गप्प करून हा माणूस गाण्याविषयी वाचत बसला होता. त्यांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. यंदा पास झालो की सगळं भरून निघेल, अशी ते स्वतःची समजूत घालत.

गेल्या हिवाळ्यात वयामुळे त्यांना परीक्षेतून सूट मिळाल्याचा आदेश आला. वासंतीला कोण आनंद! तिनं शिरा केला, मधुवंतीकडून पेटी खाली काढवली, पुसली आणि मांडी घालून बसली. खालचे सूर नीट लागले. वर चढताना आवाज चिरकला. तिनं पाणी पिऊन सूर पुन्हा धरला, आवाज पुन्हा चिरकला. सवय मोडली, असं म्हणत ती हसली आणि तिनं पेटी मिटली.

दरवर्षी बढती हुकल्याचंही रमाकांतरावांना एवढं वाईट वाटलं नव्हतं. मधुवंती शिऱ्याच्या वाट्या घेऊन शेजारी गेली, तेव्हा ते बायकोसमोर येऊन बसले.

"मी अभ्यास करतच नव्हतो," ते म्हणाले. "गाण्यावरचे ब्लॉग वाचून राह्यलो होतो, इतके वर्षं."

वासंतीनं पेटीवरून हात फिरवला. आता ही रडेल, नाहीतर बोल लावेल, असं त्यांना वाटलं. दोन्ही सोसायची त्यांनी तयारी केली होती.

"मंग मलेही आत बोलवाचं होतं," ती म्हणाली. "मी बाहेर एकटीच बसून राह्यली होती."