नागपूर ते पुणे, दीड तास

नागपूरहून पुण्याला विमानाने दीड तास लागतो, हे आईला मीच सांगितलंय.

आज आर्वीत घरी माझ्या लग्नाचा विषय पुन्हा निघाला. लवकर निघता यावं म्हणून मी तिला विमान दोनचं सांगितलं. ते पाचचं होतं.

बरोबर साडेतीनला तिचा फोन आला. "पोचली का वं?"

"हो, आत्ताच उतरले."

तेवढ्यात मागे घोषणा झाली, 'पुण्याला जाणाऱ्या प्रवाशांनी सुरक्षा तपासणीसाठी यावं.'

आई म्हणाली, "बरं. इमानात बसाच्या आंधी डब्बा खाऊन घेजो."

ती विमानाला 'इमान' म्हणते. एरवी मी लगेच दुरुस्त करते. आज मुकाट्याने डबा उघडला.

आता खरंच उतरल्यावर तिला काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?