चंद्राची जन्मतारीख

जून १९५७. महाडच्या एका हायस्कूलने चंद्राला आठवीत जागा नाकारली. कारण वय. अट चौदा वर्षांच्या आतली होती आणि दाखल्यावर पंधरा पुरी होती. तो दाखला मी दिला होता. पोलादपूरकडच्या एका डोंगरगावात मी शाळामास्तर होतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरातही नाही.

चंद्राचं खरं वय तेरा. मला ते ठाऊक नव्हतं का? होतं. नऊ वर्षांपूर्वी तिचं नाव शाळेत घालताना तिच्या आईने सांगितलं होतं — चव्वेचाळीसच्या एप्रिलात मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, नवरा तिथेच हमाल, तो वाचल्याचं पत्र आलं तेव्हा पोर बारा दिवसांची. याहून पक्की खूण कोणती हवी? पण त्याच आठवड्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार होते आणि पटावर मुलं कमी होती. चार वर्षांची मुलगी पटावर चालत नव्हती. सहाची चालत होती. मी दोन वर्षं वाढवली आणि तारीख घातली एक जून. तारीख माहीत नसली की आम्ही मास्तर एक जूनच घालायचो. अर्धी वाडी एक जूनला जन्मलेली. पण इथे — इथे तारीख माहीत होती.

नकार आल्यावर आई महाडला चालत गेली. फेरविचाराचा अर्ज दिला. तिला सांगण्यात आलं: तारीख अंदाजाने घातली होती, असं मास्तरांचं पत्र आणा, जागा देतो.

म्हणजे माझी एक ओळ.

ती डोक्यावर फणस घेऊन आली. “मास्तर, पोर माझ्या पोटची न् तारीख तुमच्या वहीतली? ही दोन वरसा कुठून आणलीत?” ती हसली. मीही हसलो.

मग पत्र लिहिलं. ‘जन्मतारीख पालकांनी सांगितल्याप्रमाणे नोंदवली आहे.’ सही, शिक्का. खरं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती — आणि त्या वर्षी मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव होतं. पाकीट चिकटवून तिच्याच हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. चंद्राला येत होतं — नाहीतर चिकटवलं कशासाठी असतं?

“लय उपकार झालं, मास्तर.”

फणस कापा निघाला, घट्ट गोड गऱ्यांचा. आम्ही दोन दिवस खाल्ला.

महाडला पत्र मोठ्याने वाचलं गेलं. चंद्रा आईशेजारी उभी होती. अर्ज फेटाळला. माघात तिचं लग्न झालं, शेजारच्याच वाडीत. मी मुख्याध्यापक झालो.

दहा वर्षांनी ती स्वतःच्या मुलीचं नाव घालायला आली. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला तिने टेबलावर ठेवला आणि तारखेखाली बोट धरलं.

“हीच लिहा, मास्तर. माझ्यासमोर.”

मी लिहिली. शाई वाळेपर्यंत ती टेबलापासून हलली नाही.