खिंडीच्या अलीकडून परत फिरलेले चाचा

महाशिवरात्रीच्या सकाळी, आम्ही हिमाचलातून परतलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, लातूरच्या भर चौकातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर बाकी सगळ्यांचे चेहरे तसेच ठेवून एकट्या चष्मेवाल्या चाचांच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवला गेला. कुणी चिकटवला हे आमच्या गिर्यारोहण मंडळात प्रत्येकाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी आजवर पाण्यासाठी, बससाठी, बंद पडलेल्या वसतिगृहासाठी इतकी पत्रकं लिहिलीत की 'जाहीर निषेध' हे शब्द माझी बोटं माझ्याआधी लिहून मोकळी होतात. दमले आता. म्हणून या वेळी निषेध राहू दे, माणूस सांगते. अख्ख्या मराठवाड्यात धुकं पडावं म्हणून जीव टाकणारा एवढा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या नांदेडचा आहे.

चाचांचं इतवाऱ्यात चष्म्याचं दुकान, वाडवडिलांपासूनचं. त्यांच्या स्वतःच्या काचा इतक्या जाड की समोरून त्यांचे डोळे काचेच्या बरणीतल्या माशांसारखे दिसतात. गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात आणि मधेच विचारतात, बोल, उत्तर दिशा कुठं हाय. सांगता आलं नाही की असा चेहरा पाडतात, गिऱ्हाइकाला वाटावं आपल्याला मोतीबिंदूच झाला. डावं-उजवं त्यांना चालत नाही. रिक्षात बसले की होकायंत्र काढून "जरा वायव्येला घे" म्हणतात, आणि इतवाऱ्यातले रिक्षावाले त्यांना लांबून येताना बघून रिक्षा वळवतात. पण त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत म्हणजे मुद्दाम चुकणे. धुक्यात नाल्याकाठची झोपडी गाठायची असेल तर झोपडीवर नेम धरायचाच नाही, जाणूनबुजून तिच्या खालच्या अंगाला नाला गाठायचा. मग झोपडी दिसली नाही तरी ती वरच्या बाजूला आहे हे पक्कं. सरळ नेम धरला आणि हुकला, तर वर वळायचं का खाली, हे कुणाला विचारणार? बर्फात हे अगदी खरं आहे. चाचा मात्र नायगावला लग्नाला जातानासुद्धा हेच करतात. मंगल कार्यालयाच्या अलीकडंच बसमधून उतरायचं, उरलेली वाट उन्हातून चालायची, आणि जेवणं उरकून लोक हात धूत असताना पोचायचं. चाची म्हणतात, या माणसाला स्वतःच्या घराचं दार शेजाऱ्याचं वाजवल्याशिवाय सापडत नाही.

आता नांदेडचा चष्मेवाला आणि स्की, हे कसं, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. तरुणपणी कुणाबरोबर तरी हिमाचलात गेले, पायाला फळ्या बांधून घसरणारी माणसं बघितली, आणि संपलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात दुकान चाचीवर टाकून जातात. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा, वर पोचलं की पट्ट्या काढून घसरत उतरायचं, असा तो प्रकार. इकडं बर्फ नाही म्हणून चाचा औशाकडच्या एका दोस्ताच्या शेतात सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावरून जुन्या स्कीवर उतरतात. उतरल्यावर महिनाभर अंग खाजवतात, पण वळण बरोबर बसलं असं सांगतात. धुकं नाही म्हणून त्यांनी आमच्यासाठी खास चष्मे बनवले, काचांना आतून पांढरा रंग लावलेले. ते घालून, हातात होकायंत्र देऊन आम्हाला माहूरच्या डोंगरावर चालायला सोडायचे. एकदा एका म्हातारीला वाटलं, मी आंधळी आहे. तिनं माझं कोपर धरलं ते थेट रेणुकेच्या रांगेतच नेऊन उभं केलं. मागून चाचा धापा टाकत आले. रीडिंग समदं चुकलं, म्हणाले, पण दर्शन झालं ना, चल.

यंदाच्या मोहिमेचे प्रमुख आमचे अध्यक्ष. लातुरात त्यांचा मोठा क्लास आहे, आणि क्लासवाल्यांच्या सवयीप्रमाणं निकालाच्या आधीच त्यांनी फ्लेक्स छापून ठेवला होता. आम्ही बर्फात पाय टाकायच्या आत चौकात लागलासुद्धा : खिंड सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. मधे अध्यक्ष, भोवती आम्ही.

खिंडीच्या जरा खाली ढग उतरला आणि जग पुसलं गेलं. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, मधली रेघ गायब. उभं असताना घसरल्यासारखं वाटत होतं, आणि आमच्यातला एक जण खरोखरच हळूहळू घसरत चालला होता, त्याला पत्ताच नव्हता. चाचा तेवढे खुशीत. एकाला जेमतेम दिसेल इतकं पुढं उभं करायचं, होकायंत्रानं त्याची दिशा नीट करायची, सगळ्यांनी त्याच्यापर्यंत जायचं, पुन्हा तेच. पुढं जमीन आहे का बघायला बर्फाचे गोळे फेकायचे. गोळा पडलेला दिसला की पाऊल. असे फेकता फेकता एक गोळा पडलाच नाही. म्हणजे गेला, आणि त्याची कुठं खूण उठली नाही. चाचांनी दुसरा फेकला. तोही तसाच गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाले, हितून फिरायचं.

अध्यक्षांनी आधी समजुतीनं सांगितलं की खिंड हाकेवर आहे, थोडं बाजूनं जाऊ. मग आवाज चढला. "चाचा, तिकडं फ्लेक्स लागलाय. लोक फोन करून अभिनंदन करून राहिलेत. आता मागं फिरून मी तोंड कुठं दाखवू?"

"तोंड आधी घरी नेऊ, अध्यक्षसाब," चाचा म्हणाले. "दाखवायचं मग बघू."

उतरताना घसरायची मजा कुठली, एकेक पाऊल चाचपत उतरलो. नाला लागला तेव्हा काठावरच्या आमच्या मुक्कामाच्या झोपडीचा मागमूस नव्हता. चुकलो आपण, असं अध्यक्ष म्हणाले. त्यावर चाचांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांना शाल-नारळ मिळाला. "चुकलोच पायजे होतो. आता नाला धरून वर चला." झोपडीचा पत्रा हाताला लागला, मग दिसला. आत शिरलो, बूट काढले, चहा झाला, आणि ऊब आल्याबरोबर सगळ्यांना खिंड आठवली.

लातुरात सत्कार झालाच. खिंड नजरेच्या टप्प्यात होती, पण एकाच्या घाबरटपणानं घात केला, असं अध्यक्ष माईकवर बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नजरेच्या टप्प्यात तर आमचे स्वतःचे बूटसुद्धा नव्हते. मी उठून तसं बोलले, तर मला बसवण्यात आलं. मंडळाच्या ग्रुपमधून चाचांना काढलं. आता येत्या हिवाळ्यात पुन्हा तीच खिंड जाहीर झाली आहे, तेच प्रमुख, आणि नावं नोंदवलीत ती क्लासमधल्या कोवळ्या पोरापोरींनी. ज्यांनी बर्फ फ्रीजमधला बघितलाय.

परवा दुकानात गेले. म्हटलं, चाचा, बैठकीला चला, मी बोलते, तुम्ही नुसतं बसा. ते एका आजीबाईंच्या चष्म्याची काडी वाकवत बसले होते. काडी दोनदा तपासली. मग म्हणाले, "असंल बेटा, खिंड समोरच असंल. कोन सांगावं. मला दिसली न्हाई, एवढंच." आणि आजीबाईंना चष्मा घालून त्यांनी तक्ता वाचायला लावला. उत्तर दिशा विचारली नाही.

मला हा माणूस असा गप्प झालेला बघवत नाही. पण गोष्ट त्यांच्या एकट्याची राहिलेली नाही. नांदेड-लातूरच्या आईबापांनो, त्या यादीत तुमचं पोर असेल तर पैसे भरायच्या आधी अध्यक्षांसमोर उभे राहा आणि विचारा : ढग उतरल्यावर 'मागं फिरा' म्हणणारं माणूस या वेळी कोण आहे? समोर उभं करता येत नसेल, तर पोर घरी ठेवा.