न बसणारा होल्डर

कपाट आवरताना कॅमेऱ्याच्या पाठीला बसवायचा फिल्मचा जुना लाकडी होल्डर हाती आला, आणि त्यातल्या मखमलीच्या कुबट वासानं वेल्ह्याच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यातली सकाळ आठवली. माझा होल्डर फुटला म्हणून भोरच्या स्टुडिओवाल्या अण्णांनी, माझ्या गुरूंनी, हा दिला होता. "तुज्या कॅमेऱ्याला बसतोय. म्या बघितलंय," म्हणाले.

त्या सकाळी वाड्यातले म्हातारे धनगर कोंडीबाबा मेंढरांत श्वास रोखून उभे राहिले. मी फोटो घेतला.

फिल्म धुतली तर सगळी काळी. होल्डर आणि कॅमेऱ्याच्या पाठीत फट राहून उजेड शिरला होता. मी पुन्हा जाईपर्यंत बाबा वारले.

अण्णांना विचारलं. "बसत न्हाई, ठावं व्हतं," ते शांतपणे म्हणाले. "त्यो फोटो मला काडायचा व्हता."

निघताना मी सवयीनं त्यांच्या पाया पडले. आज त्याचाच राग जास्त येतो.