चाफेवाल्याचे शेअर

आगाशीच्या हरेश राऊतला शिळ्या मालाची फार भीती. वडिलांनी लावलेली चाफ्याची वाडी. पहाटे फुलं खुडायची, केळीच्या पानात बांधून दादरला न्यायची आणि दुपारच्या आत विकून मोकळं व्हायचं. उरलेला चाफा संध्याकाळी काळा पडतो. म्हणून भाव जरा वर गेला की पाटी रिकामी करायची, ही त्याच्या हाताचीच सवय होऊन बसली होती. आता असला हात घेऊन माणसाने शेअरबाजारात जावं का? पण हा गेला!

२००३ साली रस्त्यालगतची अर्धी वाडी बिल्डरला विकली, त्याचे चार लाख आले. ते मुलीच्या, क्षितिजाच्या शिक्षणासाठी, असं नवरा-बायकोत ठरलं. कमी पडले तर विहिरीकडची उरलेली वाडीही जाणार, हेही दोघांना ठाऊक होतं. दोन लाख हरेशने विरारच्या एका दलालाकडे नेले. उरलेले दोन बायकोने, संजनाने, मागून घेतले. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिथल्या उर्सुला बाईंनी तिला एक फंड सांगितला होता: बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्या, सगळ्या थोड्या थोड्या घ्यायच्या, निवडानिवड नाही, खर्चही नाममात्र.

"निवडायचंच नाही? मग अक्कल कुठे वापरायची?" हरेश हसला.

"ती तुम्ही वापरा हो. घरात एकाने वापरली तरी पुष्कळ झालं."

हरेशने वापरली. दादरहून परतला की थेट दलालाच्या ऑफिसात. पडद्यावर भाव हलला की विकला. "आज बाराशे सुटले!" असं घरी येऊन सांगायचा, आणि ते खोटं नसायचं. दहातले सात सौदे फायद्याचेच. फक्त विकलेला शेअर पुढे चढतच राहिला, की हाच माणूस तो वरच्या भावाने परत घ्यायचा. पडलेला शेअर मात्र शिळा झाला म्हणून त्याच दिवशी फुंकून टाकायचा. घेतलं तरी दलाली, विकलं तरी दलाली. दर दिवाळीला दलालाकडून मिठाईचा डबा यायचा, तोही वर्षागणिक मोठा. हरेश तो अख्ख्या आळीला दाखवत फिरायचा.

२००७च्या पावसाळ्यात क्षितिजाला दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला. कॉलेज खाजगी, चार वर्षांची फी सहा लाख. हरेशने दलालाकडून पक्का आकडा मागवला. दोन लाख एकतीस हजार. पोस्टात टाकून विसरला असता तरी जास्त झाले असते! घरी त्याने हा आकडा लपवला. बिल्डरला मात्र निरोप धाडला, सोमवारी उरलेल्या वाडीचा विसार घेऊन या.

रविवारी तो विहिरीच्या काठावर बसून चाफ्याची झाडं मोजत होता. संजना आली. निरोपाचं तिच्या कानावर गेलं होतं. तिने फंडाच्या हिशोबाचं न फोडलेलं पाकीट त्याच्या हातात दिलं. "मी पाहिलेलं नाही. तुम्हीच बघा किती आहेत."

सात लाख चाळीस हजार.

हरेशने कागद उलटापालटा करून पाहिला. "तू कधी भावच बघितला नाहीस?"

"रोज पन्नास वह्या बघते मी. आणखी काय काय बघू?"

खरं सांगायचं तर त्या चार वर्षांत सगळा बाजारच चढला होता, संजनाच्या हुशारीचा त्यात काही भाग नव्हता. पण हरेशही त्याच बाजारात होता की! तेच त्याला लागलं. लाज वाटली आणि वाडी वाचली म्हणून डोळेही भरून आले.

सोमवारी बिल्डरचा माणूस चहा पिऊन परत गेला. मंगळवारी हरेशने दलालाकडचं खातं बंद केलं आणि दोन लाख एकतीस हजारांचा चेक संजनापुढे ठेवला.

"हेही तुझ्या त्या फंडात टाक," तो म्हणाला. "आणि पाकीट आलं की माझ्या हाताला लागू देऊ नकोस."