काठोकाठ भरलेली टाकी

भाऊजी, परवा पाहुण्यांत तुमच्या गाडीचं पुन्हा कौतुक चाललं होतं. मी गप्प बसले. आता बसवत नाही.

एवढं लिहून थोरल्या वहिनींनी पेन खाली ठेवलं. गटाराशी वाकून ओकणारा दीर डोळ्यांपुढे आला.

हा धाकटा दीर पाणीखात्यात कारकून होता. निवृत्त झाल्यावर त्यानं जुनी मोटार घेतली, टाकी काठोकाठ भरली आणि वर कापड घातलं. चार वर्षांत ती फाटकाबाहेर गेली नाही. रोज पुसायचा मात्र. "तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नव्हे, वहिनी. अडीनडीला पेट्रोल घरात हवं."

अडीनडी आली. वादळात वीज गेली, पेट्रोलपंप बंद पडले. सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन जनरेटरवर, आणि जनरेटर कोरडा. राखीव सिलिंडर जेमतेम तासाभराचा.

"भाऊजी, टाकी उघडा."

"उघडतो हो. रंगावर ओघळ नको, आधी फडकं आणतो."

"आईला धाप लागलीय आणि तुम्हाला रंगाचं पडलंय?"

नळी निघाली ती कैलासवासी सासऱ्यांच्या एनिम्याची, माळ्यावर जपून ठेवलेली. "धुतलेली आहे," म्हणत त्यानं ती टाकीत सोडली, तोंडानं ओढली, घोटभर गिळलं आणि गटाराशी वाकून ओकला. डब्यात उतरलं ते तपकिरी, चिकट, जुन्या रोगणासारखं घाण मारणारं. उभ्या उभ्या पेट्रोल नासलं होतं. वहिनी "थांबा" म्हणेपर्यंत त्यानं ते जनरेटरमध्ये ओतलंसुद्धा. जनरेटर दोनदा खोकला आणि कायमचा बसला.

शेवटी शेजारच्या दूधवाल्यानं टेम्पो काढला. सासूबाईंना सिलिंडरसकट, खुर्चीसकट वर चढवलं. वहिनींनी वळून पाहिलं, तर दीर मडगार्डवरचा थेंब पुसत होता.

म्हातारी वाचली. बोलायला लागल्यावर पहिला प्रश्न, "घरची मोटार असताना मला दुधाच्या कॅनांमध्ये का कोंबलंत गं?"

उत्तर वहिनींच्या जिभेवर होतं; दवाखान्यात चार माणसं होती म्हणून गिळलं.

घरी आल्यावर त्या दिराला म्हणाल्या, "गॅरेजला चला. ती घाण उपसून घेऊ. मीही येते."

"रविवारी जाऊ, वहिनी."

रविवारी वहिनी चपला घालून फाटकाशी उभ्या राहिल्या. त्यानं कापड काढलं, गाडी पुसली, कापड घातलं. पुढच्याही रविवारी तेच. मग वहिनींनी चपला घालणं सोडलं; आज मात्र पेन पुन्हा उचललं.